खाडा नाही

जपानमध्ये एक तळं आहे. सुइगेत्सु त्याचं नाव. फुकुइ प्रांतात, समुद्रापासून जवळ, डोंगरांच्या आडोशाला. दिसायला चारचौघांसारखंच. पण गेली सुमारे ७०,००० वर्षं त्यानं एक काम बिनबोभाट केलं आहे. दर वर्षी तळाशी गाळाचा एक पातळ थर घालायचा. उन्हाळ्याकडे पाण्यात सूक्ष्म शेवाळं वाढतात, मरतात, खाली बसतात. तो थर गडद. थंडीकडे मातीचे बारीक कण आणि लोहाची खनिजं बसतात. तो थर फिकट. एक गडद, एक फिकट, झालं एक वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दूधवाल्याच्या हिशेबात खाडे असतात. आपल्या सकाळच्या फिरण्यात तर खाडेच जास्त. या तळ्याच्या हिशेबात खाडा नाही.

आणि थर तरी केवढा? वर्षाचा एक मिलिमीटरही भरत नाही. सगळे थर मिळून मात्र ४५ मीटर. पंधरा मजली इमारत उभी राहील एवढे. ऐंशी वर्षांचं भरलं आयुष्य या हिशेबानं जेमतेम पाच सेंटीमीटर होतं. हाताची तीन बोटं जुळवून आडवी धरा. जन्म, शाळा, नोकरी, लग्न, मुलं, निवृत्ती, गुडघेदुखी, सगळं तेवढ्यात. एका दिवसाच्या वाट्याला काय येत असेल, याचाही हिशेब करून पाहिला. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण चाळिसावा भाग. हे वाचून कुणी उदास होईल. मला उलट हायसं वाटलं. आपण एकेका दिवसाकडून फार मागतो. आज अमुक झालंच पाहिजे, आज तमुक संपलंच पाहिजे. रात्री दिवा मालवताना वाटतं, आज काहीच झालं नाही. झालेलं असतं. डबा भरलेला असतो, वीजबिल गेलेलं असतं, कुणाच्या तरी तापावर हात ठेवलेला असतो. एवढा पातळ थर उघड्या डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

तळी खरं तर फार जगत नाहीत. तळं तयार झालं की त्याच दिवसापासून ते भरायला लागतं. नद्या माती आणतात, कडेनं गवत सरकत आत येतं, खोली कमी होते. शेवटी दलदल उरते, मग कुरण. आपल्याकडच्या गावतलावांचंही हेच होतं. म्हणून तर 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी सरकारी योजना निघाली. आपल्याला गाळ म्हणजे काढून टाकायची गोष्ट वाटते. तलावासाठी ते बरोबरच आहे, आणि शेताला तो गाळ लाभतोही. मग सुइगेत्सु इतकी वर्षं कसं टिकलं? त्याची कारणं पाहण्यासारखी आहेत. पहिलं कारण त्याच्या शेजारी आहे. तिथे पाच तळी जवळजवळ आहेत. नदीचं पाणी आधी मिकाता नावाच्या तळ्यात येतं. पुराची जाडीभरडी माती, दगडगोटे, पालापाचोळा तिथेच राहतो. निवळलेलं पाणी तेवढं सुइगेत्सुकडे सरकतं. शास्त्रज्ञांचं सगळं लक्ष सुइगेत्सुकडे आणि गढूळ पाणी मात्र मिकाताच्या नशिबी! प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. शाळेचा फोन आधी तेच घेतं, सोसायटीचं भांडण तेच दारात अडवतं, आणि आत येऊन म्हणतं, 'काही नाही, असंच.' आपला दिवस शांत गेला असेल तर तो कुणी गाळून दिला, हे एकदा पाहायला हवं.

दुसरं कारण जमिनीत आहे. तळ्यांच्या पूर्वेला जमिनीत एक मोठी भेग आहे, मिकाता प्रस्तरभंग. तिच्या हालचालींमुळे हा सगळा भाग हजारो वर्षांत थोडाथोडा खचत आला आहे. वरून गाळ पडतो आणि खालून तळ खोल जातो. दोन्हीचा वेग असा जमला की तळं भरून गेलं नाही. अशी सोय फार थोड्या तळ्यांना मिळते. माणसांना तर जमिनीकडून मिळतच नाही, आपली आपण करावी लागते. कपाटातला एक कप्पा रिकामा ठेवणं, रविवारची एक दुपार कुणालाही न देणं, असल्या साध्या गोष्टी.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. हे तळं ३४ मीटर खोल आहे. भोवती डोंगर असल्यामुळे वारा फारसा लागत नाही. वरचं पाणी खाली आणि खालचं वर असं होत नाही. त्यामुळे तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथे गाळात राहणारे किडे नाहीत, शिंपले नाहीत, चिखल चाचपत फिरणारे मासे नाहीत. बाकीच्या तळ्यांतही दर वर्षी थर बसतोच. पण खालचे जीव तो उकरतात, खातात, वरखाली करतात. गडद आणि फिकट एकमेकांत मिसळून जातं. गाळ भरपूर उरतो, त्यातली वर्षं मात्र पुसली जातात. सुइगेत्सुचं सगळं नाव या एका गोष्टीवर आहे. बसलेलं तिथे कुणी उकरलं नाही.

घरातही थर बसत असतात. रात्री जेवताना शब्दाला शब्द लागला. झोपेनं तो थोडा खाली बसला. सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतं, 'काल तू असं का बोललास?' तिथून गाडी परवावर जाते. परवावरून दिवाळीवर. दिवाळीवरून थेट लग्नातल्या मानपानावर. पंधरा मिनिटांत वीस वर्षांचा गाळ वर येतो आणि ऑफिसला उशीर होतो तो वेगळाच. उकरण्यातलं खरं नुकसान उशिराचं नाही. वाईटाबरोबर चांगलंही त्यात कालवलं जातं. ज्या दिवाळीत साडीवरून रुसवा झाला, त्याच दिवाळीत सासूबाईंनी आजारी सुनेच्या उशाशी दोन रात्री जागून काढल्या होत्या. उकरताना साडी वर येते. त्या दोन रात्री कुठेतरी खालीच राहतात.

म्हणून आजच्या सकाळपुरतं एवढं करून पाहावं. कालचा विषय ओठांवर आला की आधी चहाचा एक घोट घ्यायचा. विषय खरंच निकडीचा असेल तर घोटानंतरही तो तिथेच असेल. नसेल तर घोटाबरोबर खाली जाईल. हे काही मोठं व्रत नाही. नियम करून वहीत लिहायचंही कारण नाही. कुणाला सांगायचीही गरज नाही, कारण सांगितलं की त्यावरूनही वाद होतो.

इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. प्राणवायू नसलेला तळ म्हणजे निर्जीव तळ. घर असं असून कसं चालेल? नाहीच चालणार. ज्या घरात कुणी कुणाला काही बोलत नाही, तिथली शांतता बाहेरच्या माणसालाही दारातच जाणवते. आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे, त्याला 'जुनं उकरू नकोस' म्हणणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणंच झालं. ते मी म्हणत नाही. सुइगेत्सुच्या वरच्या पाण्यात मासे आहेतच. तिथे ऊन पोचतं, प्राणवायू असतो, खळबळ असते. बोलायचं ते तिथेच, वरच्या वर, ताजं असताना बोलून टाकावं. त्याच दिवशी, त्याच माणसाशी, तेवढ्यापुरतंच. खाली बसल्यावर मात्र त्याला हात लावताना विचार करावा.

सुइगेत्सुचं सगळं सुरळीत चाललं असंही नाही. सुमारे ३०,००० वर्षांपूर्वी जपानच्या दक्षिण टोकाला, क्यूशू बेटावर, एक प्रचंड ज्वालामुखी फुटला. जमीनच खचली आणि मोठं विवर तयार झालं. आजचा साकुराजिमा ज्वालामुखी त्याच विवराच्या कडेला धुमसतो आहे. तिथून हे तळं साडेसहाशेएक किलोमीटर लांब. तरी राख तळ्यापर्यंत आली आणि पडत राहिली. थरांच्या त्या रांगेत ती राख आजही साफ दिसते. वर्षाच्या थराच्या कितीतरी पट जाड पट्टा, वेगळ्याच रंगाचा. सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी आणखी एक स्फोट झाला, तोही दक्षिणेलाच. त्याचीही राख तिथे आहे. कधी पुरानं आणलेली माती आहे, कधी भूकंपानं हललेला गाळ आहे. यातलं काहीही तळ्यानं पुसलेलं नाही. लपवलेलंही नाही. पण मला त्या राखेपेक्षा तिच्या लगेच वरचा थर बघत राहावासा वाटतो. राखेच्या पुढच्या वर्षाचा. तो पुन्हा नेहमीसारखा आहे. एक गडद, एक फिकट, एक मिलिमीटरच्या आत. आपल्याकडेही मोठं आजारपण येऊन जातं, कुणी कायमचं जातं. तेरावा झाल्यावर चौदाव्या दिवशी कुणीतरी उठून कुकर लावतं. त्या शिटीला कुणी धैर्य म्हणत नाही. म्हणायला हवं.

माणसांनीही या तळ्यात हात घातला आहे. १६६२ साली तिथे मोठा भूकंप झाला. जमीन उचलली गेली, तळ्यांचं पाणी बाहेर जायची वाट बंद झाली आणि काठावरची गावं, शेतं पाण्याखाली गेली. लोकांनी खडक फोडून नवा कालवा काढला. तो १६६४ मध्ये पुरा झाला. शिवाजी महाराजांच्या पहिल्या सुरत स्वारीचं हेच वर्ष. कालव्यामुळे गावं वाचली, पण समुद्राचं खारं पाणी सुइगेत्सुत शिरलं. ते जड असल्यानं खाली बसलं. म्हणजे पूर ओसरावा म्हणून केलेल्या कामानं तळ्याचा स्वभावच बदलला. हेही गाळात उतरलं आहे. चांगल्या हेतूनं केलेल्या कामाचीही नोंद राहते, त्याच्या परिणामांसकट.

आता या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारणारं कुणीतरी असतंच. उपयोग मोठा आहे. जुनं हाड, चुलीतला कोळसा, लाकूड किती वर्षांचं आहे हे त्यातल्या कार्बन-१४ वरून काढतात. पण हवेतला हा कार्बन सगळ्या काळात सारखा नव्हता. त्यामुळे त्या घड्याळाला दुरुस्ती लागते. सुइगेत्सुच्या थरांत झाडांची पानं पडलेली आहेत. काठावरच्या झाडाचं पान, वाऱ्यानं सुटलं, पाण्यात बुडालं, गाळात झाकलं गेलं. हजारो वर्षांनी बाहेर काढलं तरी शिरा दिसतात. थर मोजून पानाचं वर्ष कळतं, आणि पानातल्या कार्बनवरून त्या वर्षीची हवा. अशी शेकडो पानं तपासून २०१२ मध्ये जवळजवळ ५३,००० वर्षांपर्यंतचा हिशेब जगापुढे आला. वय ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात तो पुढच्याच वर्षी घेतला गेला. म्हणजे युरोपातल्या एखाद्या गुहेतल्या कोळशाचं वय सांगताना जपानमधल्या त्या पानांची साक्ष काढली जाते. पान गळताना त्याला काही विशेष करायचं नव्हतं. ते गळलं, आणि जिथे पडलं तिथे राहिलं.

पण हा हिशेब पहिल्या झटक्यात जमला नव्हता, आणि मला खरं त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. उकरणं आणि जाणून घेणं यांत फरक आहे. या थरांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं ते १९९१ मध्ये, योशिनोरी यासुदा यांच्या कामातून. तळाशी फावडं घातलं असतं तर हाती नुसता चिखल आला असता. म्हणून नळी वापरतात. सरळ खाली घालायची आणि आतला गाळ जसाच्या तसा, ओळीनं, वर आणायचा. आपल्या लोणारच्या सरोवरातूनही असाच गाळ काढून गेल्या अकराएक हजार वर्षांत पाऊस कधी जोरात होता आणि कधी हटला, याचा अभ्यास झाला आहे. सुइगेत्सुत १९९३ साली एक खोल भोक घेतलं. गाळ तुकड्यातुकड्यानं वर आला. थर मोजले. पण ती मोजणी जगातल्या इतर नोंदींशी काही जुळेना. कारण साधं होतं. एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो, त्या सांध्यावर थोडा गाळ निसटतो. दोन-तीन सेंटीमीटर गेले की माणसाचं अर्धं आयुष्य गेलं.

मग २००६ मध्ये ताकेशी नाकागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाऐवजी चार भोकं घेतली, जवळजवळ. एकाचे सांधे जिथे येतात तिथे दुसऱ्याचा गाळ अखंड राहील, अशी. एकात निसटलेली वर्षं दुसऱ्यात सापडली. राखेच्या पट्ट्यांवरून चारही एकमेकांना जोडता आली. मोजणीही दोन तऱ्हांनी केली, सूक्ष्मदर्शकाखाली आणि क्ष-किरणांनी, म्हणजे एकीतली चूक दुसरीत पकडली जावी. आज वाकासा गावात २०१८ साली उघडलेल्या संग्रहालयात हे ४५ मीटर काचेत बसवून भिंतीवर आडवे मांडले आहेत. मागून उजेड सोडलेला. शाळेची मुलं त्याच्या कडेनं चालत जातात.

आपलं घराविषयीचं ज्ञान बहुतेक वेळा एका भोकाचं असतं. आपल्याला वाटतं, सगळं आठवतं. लहानपणी वडील फार रागावत, हे आठवतं. पण ते कोणत्या साली, कोणती गिरणी बंद पडली होती तेव्हा, की आजीचं ऑपरेशन होतं तेव्हा, तो सांधा नेमका आपल्याकडे निसटलेला असतो. आपण तेव्हा पाच वर्षांचे होतो. ताई अकरा वर्षांची होती. तिच्याकडे तो तुकडा अखंड असतो. तिला मात्र आपण कधी विचारलेलं नसतं. भेटलो की बोलणं होतं ते जागेच्या वाटणीचं, नाहीतर मुलांच्या परीक्षांचं. आणि जुना विषय निघालाच तर फावडं घेऊनच निघतो.

आज बसमध्ये, लोकलमध्ये, किंवा जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं मिळतील. ताईला, दादाला, कोल्हापूरच्या आत्याला फोन लावावा. कुणाची चूक होती हे विचारायचं नाही. फक्त विचारायचं, आजोबा गेले त्या वर्षी आपण गणपतीला गावी गेलो होतो का गं, आणि गेलो असू तर आरतीला पेटी कोण वाजवत होतं?